पासवर्ड पक्का आहे, पण लॉगिननंतरचं कनेक्शनच कोणी पळवलं तर? (पोस्टग्रेस, शाखा ते मुख्य कार्यालय)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेची मांडणी खाली देतोय, तीवर मत हवंय.

मुख्य कार्यालय चिपळूणला, शाखा गुहागर, दापोली आणि खेड. सर्व्हर उबुंटूवर, डेटाबेस पोस्टग्रेस १५. शाखांच्या काउंटरवर डॉटनेटचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, ते एनपीजीएसक्यूएल (डॉटनेटला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर) वापरून थेट डेटाबेसला जोडतं. मुख्य कार्यालयाला स्थिर आयपी आहे आणि राउटरवर ५४३२ पोर्ट आत वळवलेला आहे. पिग्मी एजंटांचं मोबाईल ॲप वेब सर्व्हरमार्फत येतं. वेब सर्व्हर आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसच्या थोड्या जोडण्या अनेकांत वाटून वापरणारा मध्यस्थ).

पासवर्ड स्क्रॅममध्ये (पासवर्ड न पाठवता तो माहीत आहे हे सिद्ध करायची पद्धत), प्रत्येक शाखेला वेगळा युजर. आयटी तपासणीच्या यादीत प्रश्न आलाय: डेटाबेस कनेक्शनचं सेशन हायजॅकिंग रोखायला काय व्यवस्था केली आहे? सेशन हायजॅकिंग म्हणजे ब्राउझरच्या कुकीची चोरी एवढंच ऐकून आहे. डेटाबेसला कुकी नसते, आणि स्क्रॅम असल्यामुळे पासवर्डही तारेवरून जात नाही. मग राहिलं काय?

रापण

कुकी नसते, पण सेशन असतंच. पोस्टग्रेसमध्ये एक टीसीपी कनेक्शन म्हणजे एक सेशन. ओळख पटवायचं काम सुरुवातीला एकदाच होतं. त्यानंतर सर्व्हर दर संदेशाला "तू कोण?" असं विचारत बसत नाही. त्या सॉकेटवरून जे आलं ते गुहागर शाखेचं, असं धरून तो चालतो.

एन्क्रिप्शन नसलेल्या जोडणीत साधी क्वेरी कशी जाते ते बघा. 'क्यू' हे एक अक्षर, मग चार बाइटमध्ये लांबी, मग एसक्यूएलचा मजकूर जसाच्या तसा, शेवटी एक शून्य बाइट. झालं. सही नाही, शिक्का नाही. टीसीपीचा चेकसम असतो, पण तो वाटेत बाइट बिघडला तर कळावं म्हणून. मुद्दाम बदल करणारा तो नव्याने मोजून घालतो. म्हणजे वाटेवर बसलेला माणूस अपडेटमधला ५००० चा आकडा ५०००० करू शकतो, किंवा तुमची क्वेरी संपल्यावर आपली एक जोडू शकतो. लॉगमध्ये ती गुहागर शाखेच्या युजरनेच केलेली दिसेल. पासवर्ड चोरायची गरजच पडत नाही.

लांब कुठेतरी बसून अंदाजाने पाकिटं घुसवणं आता सोपं नाही. टीसीपीचे सुरुवातीचे क्रमांक बेभरवशाचे असावेत अशी शिफारस १९९६ च्या आरएफसी १९४८ पासून आहे आणि २०१२ च्या आरएफसी ६५२८ ने ती मानकात आली. धोका आहे तो वाटेवरच्याचा: शाखेतल्या स्विचला जोडलेला दुसरा पीसी, व्हायरस लागलेला स्वस्तातला राउटर, मधलं नेटवर्क. तुमचा ५४३२ उघड्या इंटरनेटवर आहे म्हणजे ही वाट चांगलीच लांब आहे.

थोडक्यात, स्क्रॅम पासवर्ड राखतं. पुढच्या संभाषणाशी त्याचा काही संबंध नाही.

आंबोलीघाट

पहिलं काम: राउटरवरचं ते पोर्ट वळवणं आजच बंद करा. बाकी चर्चा नंतर.

शाखा ते मुख्य कार्यालय वायरगार्डचा व्हीपीएन बोगदा टाका. मुख्य कार्यालयाला स्थिर आयपी आहे, तेवढा पुरे. शाखांची जोडणी कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांना बाहेरचा एकच पत्ता) असली तरी चालतं, कारण बोलणं शाखेकडून सुरू होतं. मुख्य कार्यालयात यूडीपी ५१८२० उघडा. शाखेच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ ठेवा, नाहीतर नॅटची नोंद मिटते आणि मुख्य कार्यालयाकडून शाखेला पोचता येत नाही. प्रत्येक शाखेच्या अलाउड-आयपीजमध्ये फक्त त्या शाखेचं सबनेट, उदाहरणार्थ गुहागरला १९२.१६८.२१.०/२४. तिथे आळसाने ०.०.०.०/० लिहू नका. ही यादीच कोणत्या पीअरकडून कोणत्या पत्त्याची पाकिटं स्वीकारायची ते ठरवते, त्यामुळे एक शाखा दुसरीचा पत्ता घालून बोलू शकत नाही.

एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी, बाइटमध्ये) पाहून घ्या. साध्या इथरनेटवर वायरगार्डचा १४२० असतो. फायबर पीपीपीओईवर असेल तर खालचा एमटीयू १४९२ होतो, मग बोगद्याचा १४१२ करा. चुकला तर लक्षण फसवं असतं: लॉगिन होतं, खातं उघडतं, आणि महिन्याचा मोठा रिपोर्ट मागितला की स्क्रीन गोठते. लोक डेटाबेसला शिव्या घालत बसतात.

बोगदा झाला की पोस्टग्रेसमध्ये टीएलएसचा (जोडणी एन्क्रिप्ट करून पलीकडे कोण आहे ते सर्टिफिकेटने पटवायची पद्धत, जुनं नाव एसएसएल) घोळ घालायची गरज नाही, असं माझं मत.

रापण

शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य.

तुमचा बोगदा राउटर ते राउटर आहे. काउंटरचा पीसी ते शाखेचा राउटर हा तुकडा उघडाच राहतो, आणि एआरपीची फसवाफसवी नेमकी तिथेच होते. एखाद्याचा लॅपटॉप "राउटर मीच" असं सांगतो, पीसी ऐकतो. मॅनेज्ड स्विच असेल तर डीएचसीपी स्नूपिंग आणि त्यावर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन लावून हे रोखता येतं. शाखांत बहुधा आठ पोर्टचा साधा स्विच असतो, त्याला यातलं काही कळत नाही. मुख्य कार्यालयातही राउटर ते सर्व्हर तेच. म्हणून टीएलएस थेट डेटाबेस क्लायंट ते पोस्टग्रेस. वायरगार्ड त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

वाशिष्ठीकाठ

टीएलएस आहे ना! कॉन्फिगमध्ये एसएसएल चालू आहे. उबुंटूने इन्स्टॉल करतानाच सर्टिफिकेट बनवलं होतं.

रापण

सर्व्हरला टीएलएस येतं, एवढाच त्याचा अर्थ. क्लायंट ते वापरतोच असं नाही, आणि वापरलं तरी पलीकडे कोण आहे ते तपासतोच असंही नाही.

पोस्टग्रेसची बोलणी अशी सुरू होतात. क्लायंट आठ बाइटची विनंती पाठवतो: टीएलएस करूया का? सर्व्हर एका अक्षरात उत्तर देतो: 'एस' म्हणजे हो, 'एन' म्हणजे नाही. ही देवाणघेवाण उघड्यावर होते. मधल्याने सर्व्हरच्या आधी 'एन' म्हटलं की 'प्रेफर' मोडमधला (जमलं तर टीएलएस, नाहीतर उघडं) क्लायंट निमूटपणे उघड्या जोडणीवर जातो. इशारा नाही, चूक नाही. आणि लिबपीक्यूमध्ये (पोस्टग्रेसची स्वतःची क्लायंट लायब्ररी) 'प्रेफर' हेच डिफॉल्ट आहे. एनपीजीएसक्यूएलमध्येही आवृत्ती ६ पासून तेच. त्याआधी तर डिफॉल्ट 'डिसेबल' होतं. तुमच्या शाखांत कोणती आवृत्ती आहे?

आधी आत्ताची स्थिती बघा. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी आणि पीजी_स्टॅट_एसएसएल हे दोन व्ह्यू पीआयडीवर जोडा. युजर, क्लायंटचा पत्ता, एसएसएल आणि व्हर्जन हे चार कॉलम काढा. एसएसएलच्या खाली 'एफ' असेल ती जोडणी आत्ता या क्षणी उघडी आहे.

वाशिष्ठीकाठ

पाहिलं. तिन्ही शाखांची सगळी 'एफ'. पीजीबाउन्सरकडून येणारी मात्र 'टी'. एनपीजीएसक्यूएल ४ च्या मालिकेतलं आहे.

मग पीजी_एचबीएमध्ये (कोणाला कुठून कसं जोडू द्यायचं त्या नियमांची फाईल) 'होस्ट'चं 'होस्टएसएसएल' केलं की सुटलं ना? उघडी जोडणी सर्व्हरच नाकारेल.

रापण

करायचंच आहे, पण तेवढ्याने सुटत नाही.

सर्व्हर उघडी जोडणी नाकारतो, ठीक. पण मधला माणूस सर्व्हरशी स्वतः टीएलएस करतो आणि तुमच्या क्लायंटला 'एन' सांगून त्याच्याशी उघडं बोलतो. सर्व्हरला टीएलएस दिसतंय, तो खूश. आता स्क्रॅम: सर्व्हरचं आव्हान मधला तुमच्या क्लायंटला देतो, क्लायंटचं उत्तर सर्व्हरला देतो. पासवर्ड त्याला शेवटपर्यंत कळत नाही, पण लॉगिन झालेली जोडणी त्याच्या हातात असते. लिबपीक्यूचा क्लायंट 'रिक्वायर'वर असेल तरी हेच: मधला स्वतःचं कसलंही सर्टिफिकेट दाखवतो आणि 'रिक्वायर' ते तपासत नाही. (लिबपीक्यूला रूट सर्टिफिकेटची फाईल सापडली तर 'रिक्वायर'सुद्धा 'व्हेरिफाय-सीए'सारखं वागतं, पण फाईल कोणी उडवली की तपासणीही गुपचूप गेली. त्यावर विसंबू नका.)

कुलूप क्लायंटच्या बाजूने लागतं: 'व्हेरिफाय-फुल'. सर्टिफिकेट आपल्या सीएने (सर्टिफिकेटवर सही करणारी ऑथॉरिटी) दिलेलं आहे का, आणि त्यावरचं नाव आपण जोडतोय त्या होस्टचंच आहे का, दोन्ही तपासतं. 'व्हेरिफाय-सीए' फक्त पहिलं तपासतं. त्याच सीएचं दुसरं सर्टिफिकेट ज्याच्याकडे आहे तो सर्व्हर बनून बसू शकतो.

जिथे क्लायंट लिबपीक्यूवर आहे (पीएसक्यूएल हे कमांड-लाइन साधन, बॅकअपची स्क्रिप्ट, पायथनची बरीचशी साधनं) तिथे आणखी दोन. चॅनल_बाइंडिंग=रिक्वायर, लिबपीक्यू १३ पासून; यात स्क्रॅमचं उत्तर त्या विशिष्ट टीएलएस जोडणीला बांधलं जातं, म्हणून वर सांगितलेली इकडून-तिकडे पोचवापोचव फसते. आणि रिक्वायर_ऑथ=स्क्रॅम-शा-२५६, लिबपीक्यू १६ पासून; नाहीतर खोटा सर्व्हर "साधा पासवर्ड दे" म्हणाला तर क्लायंट देऊन मोकळा होतो.

आता क्रमाने. कॉन्फिगमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाईलमध्ये अर्थात रोमनच.

स्वतःचा छोटा सीए बनवा, ओपनएसएसएल पुरे. सीएची मुदत १० वर्षं, सर्व्हर सर्टिफिकेटची १ वर्ष. सर्व्हर सर्टिफिकेटमध्ये पर्यायी नावाच्या रकान्यात पूर्ण डीएनएस नाव हवं. शाखा आयपीने जोडत असतील तर ती सवय इथेच मोडा. आयपीशी जुळवणी लिबपीक्यूमध्ये आवृत्ती १५ पासून नीट होते, बाकी ड्रायव्हरांचं ज्याचं त्याचं वेगळं. अंतर्गत डीएनएस नसेल तर विंडोजच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ टाका.

सीएची प्रायव्हेट की डेटाबेस सर्व्हरवर ठेवू नका. दोन पेनड्राइव्ह, दोन्ही पासफ्रेजखाली, दोन वेगळ्या जागी. आणि चिपळुणात एकही तळमजल्यावर नको. जुलै २०२१ च्या पुरानंतर हे कोणाला समजवावं लागू नये.

सर्व्हरच्या की-फाईलचा मालक पोस्टग्रेस युजर आणि परवानगी ०६००. सैल ठेवली तर सर्व्हर सुरूच होत नाही, लॉगमध्ये गटाला किंवा सर्वांना वाचता येते अशी तक्रार करतो. किमान प्रोटोकॉल टीएलएस १.२ हे १३ पासून डिफॉल्टच आहे, त्याला हात लावायची गरज नाही.

मग पीजी_एचबीए, अगदी वर:

होस्टनोएसएसएल ऑल ऑल ०.०.०.०/० रिजेक्ट
होस्टनोएसएसएल ऑल ऑल ::/० रिजेक्ट
होस्टएसएसएल ठेवी गुहागर_ॲप १९२.१६८.२१.०/२४ स्क्रॅम-शा-२५६

याच धर्तीवर बाकी शाखा. पहिली जुळणारी ओळ लागू होते आणि तिथेच निकाल लागतो; ती फसली तर पुढची बघू असं होत नाही. म्हणून खाली कुठे जुनी "होस्ट ऑल ऑल" राहिली असेल तर काढा. आयपीव्ही६ ची ओळ लोक हमखास विसरतात. सर्व्हरवरच १२७.०.०.१ ने उघडं जोडणारी एखादी स्क्रिप्ट असेल तर तीही आता नाकारली जाईल. तिला युनिक्स सॉकेटवर आणा, 'लोकल' ओळींना वरच्या रिजेक्टचा त्रास नाही.

रीलोड करण्याआधी पीजी_एचबीए_फाईल_रूल्स या व्ह्यूमधला एरर कॉलम बघा. फाईलमध्ये चूक असेल तर रीलोडला पोस्टग्रेस जुनेच नियम चालू ठेवतो आणि फक्त लॉगमध्ये कुरकुरतो. तुम्हाला वाटतं नवे लागले. आणि रीलोडने चालू जोडण्या तुटत नाहीत. आधीच्या उघड्या जोडण्या तशाच राहतात, त्या वरच्या क्वेरीने शोधून पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने बंद करा. संध्याकाळी हिशेब मिळाल्यावर करा, काउंटर चालू असताना नको.

आंबोलीघाट

लॅनचा तुकडा उघडा राहतो हे मान्य. तो मुद्दा मी धरलाच नव्हता.

एक भर घालतो, पावसाळ्यात उपयोगी पडेल: घड्याळं. वायरगार्डच्या प्रत्येक हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि पलीकडचा पीअर आधीपेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. पुन्हा वाजवलेली जुनी पाकिटं ओळखण्याची ती सोय आहे. बऱ्याच छोट्या राउटरांना घड्याळाचा सेल नसतो. वीज गेली, आली, की राउटर जुन्या तारखेने उठतो आणि मुख्य कार्यालय त्याचे हँडशेक मुकाट्याने टाकून देतं. वीज येऊन तास झाला तरी शाखा बंद, आणि राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्याने काहीच फरक नाही. उपाय: राउटरची एनटीपी (नेटवरून वेळ जुळवायची) विनंती बोगद्याच्या बाहेरून जायला हवी. ती बोगद्यातून पाठवलीत तर वेळ मिळायला बोगदा हवा आणि बोगद्याला वेळ हवी, बसा वाट बघत.

पीसीचंही तेच. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि व्हेरिफाय-फुल "सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही" म्हणून जोडणी नाकारतो. खाऱ्या दमट हवेत सेलच्या पट्ट्याही गंजतात. अशा वेळी कोणीतरी "तात्पुरतं" व्हेरिफाय-फुल काढतो आणि ते कायमचं निघतं. त्यापेक्षा शाखेत पाच-सहा सेल ठेवून द्या.

खाजणमाती

पीजीबाउन्सरकडे कोणी वळलं नाही. पिग्मी ॲपची बाजू मला जास्त काळजीची वाटते, कारण तिथे हल्लेखोर नसतानाही एकाचं सेशन दुसऱ्याला मिळू शकतं. पूल मोड कोणता? आणि एजंटाची ओळख डेटाबेसला कशी कळते?

वाशिष्ठीकाठ

ट्रान्झॅक्शन मोड. वेब ॲप सुरुवातीला 'सेट ॲप.एजंट_आयडी' करतं आणि रो-लेव्हल सिक्युरिटीची पॉलिसी ते मूल्य बघून त्या एजंटाचीच खाती दाखवते.

खाजणमाती

तर मग हे आजच्या यादीत वर घ्या.

ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सर्व्हरकडची जोडणी एका व्यवहारापुरती तुमची. व्यवहार संपला की ती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला जाते. साधं 'सेट' मात्र जोडणीला चिकटून राहतं. एजंट १७ ने सेट केलं, जोडणी एजंट ४२ ला गेली, त्याच्या विनंतीत काही कारणाने सेट झालं नाही किंवा वेगळ्या जोडणीवर झालं, की ४२ ला १७ ची खाती दिसतात. पीजीबाउन्सरची डिस्कार्ड ऑल ही साफसफाई ट्रान्झॅक्शन मोडमध्ये आपोआप चालत नाही, ती सेशन मोडसाठी आहे. एनपीजीएसक्यूएलची स्वतःची साफसफाईही बाउन्सरसोबत 'नो रिसेट ऑन क्लोज' लावून लोक बंद करतात. चाचणीत हे दिसत नाही, कारण एकटा माणूस तपासतो तेव्हा जोडणी त्यालाच परत मिळते. गर्दीच्या वेळी दिसतं.

दुरुस्ती: प्रत्येक विनंतीत बिगिन, मग सेट लोकल (किंवा सेट_कॉन्फिगला तिसरा आर्ग्युमेंट ट्रू), मग काम, मग कमिट. मूल्य व्यवहारासोबत मरतं.

यात एक खड्डा आहे. मूल्य कधीच सेट झालं नसेल तर करंट_सेटिंग (दुसरा आर्ग्युमेंट ट्रू दिला तर) नल देतो. पण एकदा सेट लोकल होऊन व्यवहार संपला की त्याच जोडणीवर नंतर नल मिळत नाही, रिकामी स्ट्रिंग मिळते. पॉलिसीमध्ये तिचं इंटिजर करायला गेलात की एरर. म्हणून नलइफने रिकाम्याचं नल करा आणि मगच कास्ट करा. नल आलं की एकही ओळ दिसत नाही, तेच हवंय.

हेही लक्षात असू द्या की ॲपमध्ये एसक्यूएल इंजेक्शनला जागा असेल तर आत घुसलेला ते मूल्य स्वतःच बदलतो. रो-लेव्हल सिक्युरिटी तिथे वाचवत नाही.

रापण

खाजणमाती, बरं झालं काढलंत. बाउन्सरच्या टीएलएसबद्दल दोन ओळी: जोडणीचे दोन तुकडे, दोन्हींची सेटिंग वेगळी. क्लायंट_टीएलएस_एसएसएलमोडचं डिफॉल्ट 'डिसेबल' आहे. वेब सर्व्हर आणि बाउन्सर एकाच यंत्रावर असतील तर युनिक्स सॉकेट वापरा, टीएलएस लागत नाही. पण सॉकेटची डिरेक्टरी अशी हवी की तिथे परक्याला फाईल बनवता येऊ नये. सगळ्यांना लिहिता येणाऱ्या टेंप डिरेक्टरीत सॉकेट असेल तर बाउन्सर बंद असताना दुसराच कोणी त्या नावाचं सॉकेट उघडून बसू शकतो. बाउन्सर ते डेटाबेस: सर्व्हर_टीएलएस_एसएसएलमोड व्हेरिफाय-फुल आणि सीए फाईल. तुमच्याकडे तिथे 'टी' दिसतंय, पण 'टी' म्हणजे एन्क्रिप्शन आहे एवढंच. सर्टिफिकेट तपासलं का हे सर्व्हरला कळत नाही. ती तपासणी क्लायंटकडे जाऊनच करावी लागते. चॅनल बाइंडिंगही बाउन्सरच्या आरपार जात नाही.

मालवणी खाजा

आमच्या हॉटेलात बिलिंगचो मायएसक्यूएल आसा, आणि गिऱ्हाईकांचो वायफाय त्याच राउटरार. ह्या सगळा माका पण लागू होता काय, की फक्त बँकवाल्यांचा काम?

तिरफळ

तुका जास्त लागू होता, खाजा. पतसंस्थेत अनोळखी माणूस स्विचपर्यंत पोचायला हवा, तुझ्याकडे तो खोली घेऊन राहतोय.

गिऱ्हाईकांचं वायफाय आधी वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच यंत्रांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाक. "गेस्ट" नाव दिलं म्हणजे वेगळं झालं असं नाही. फोन त्या वायफायला लाव आणि बिलिंग सर्व्हरचा ३३०६ पोर्ट लागतो का बघ. लागला तर वेगळं नाही. मग सर्व्हरवर रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्स्पोर्ट चालू कर आणि बिलिंगच्या युजरला 'रिक्वायर एसएसएल' लाव. क्लायंटला एसएसएल-मोड 'व्हेरिफाय_आयडेंटिटी'; मायएसक्यूएलचं डिफॉल्ट 'प्रेफर्ड' आहे, म्हणजे वर रापण सांगतायत तीच कथा. मायएसक्यूएल ८ स्वतःहून बनवतो ती सर्टिफिकेटं इथे चालत नाहीत, त्यांवर तुझ्या होस्टचं नाव नसतं. स्वतःचं बनव. युजरच्या नावापुढे आयपी बांधला म्हणून निश्चिंत राहू नकोस, वाटेवरचा माणूस तोच आयपी वापरतो. आणि क्लायंटवर लोकल_इनफाईल बंद ठेव, नाहीतर खोटा सर्व्हर क्लायंटच्या यंत्रावरची फाईल मागून घेतो.

ओरॅकलवाल्यांसाठीही टाकून ठेवतो, कारखान्यांत अजून बराच आहे. नेटिव्ह एन्क्रिप्शन दोन्ही बाजूंना डिफॉल्ट 'ॲक्सेप्टेड' असतं. दोघंही "तू म्हणशील तर" म्हणतात आणि कोणीच म्हणत नाही, म्हणून एन्क्रिप्शन होतच नाही. सर्व्हरच्या एसक्यूएलनेट फाईलमध्ये एन्क्रिप्शन_सर्व्हर रिक्वायर्ड आणि क्रिप्टो_चेकसम_सर्व्हरही रिक्वायर्ड. दुसरं लोक गाळतात, आणि बदललेली किंवा पुन्हा पाठवलेली पाकिटं तेच पकडतं. तरी सर्व्हरची ओळख पटवायची तर सर्टिफिकेटवालं टीएलएसच हवं. जुनं ११जी असेल तर लिसनर (ओरॅकलकडे येणाऱ्या जोडण्या घेणारा प्रोग्राम) बघा: सीव्हीई-२०१२-१६७५ या त्रुटीमध्ये बाहेरचा कोणीही लिसनरकडे स्वतःची नोंद करून तुमच्या जोडण्या आपल्याकडे वळवू शकत होता. व्हॅलिड_नोड_चेकिंग_रजिस्ट्रेशन १२सी पासून डिफॉल्ट चालू आहे.

एसक्यूएल सर्व्हर: ओडीबीसी ड्रायव्हर १८ पासून एन्क्रिप्शन डिफॉल्ट चालू झालं. लगेच कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=ट्रू टाकून "प्रॉब्लेम सोडवणारे" पाहिलेत. त्याने एरर जातो आणि तपासणीही जाते. त्याआधीच्या ड्रायव्हरांत तर फक्त लॉगिनचं पाकीट एन्क्रिप्ट आणि पुढचं सगळं उघडं, हेच नेहमीचं.

मालवणी खाजा

फोन लावून बघितलंय. ३३०६ लागता. उद्या व्हीलॅन.

वाशिष्ठीकाठ

तपासणीला दाखवायला पुरावा काय ठेवू? आणि पावसात लाइन तुटते तेव्हा सर्व्हरवर जुनी सेशनं लोंबकळत राहतात, त्यांचं काय?

रापण

पुरावा म्हणजे फसलेल्या जोडण्या. शाखेच्या पीसीवरून पीएसक्यूएलने तीन वेळा जोडा. एकदा एसएसएलमोड=डिसेबल: पीजी_एचबीएने नाकारलं, एन्क्रिप्शन नाही, असा संदेश यायला हवा. एकदा व्हेरिफाय-फुल पण नावाऐवजी आयपी देऊन: सर्टिफिकेट होस्टच्या नावाशी जुळत नाही. एकदा सीएच्या जागी भलतीच सीए फाईल देऊन: व्हेरिफाय फेल. तिन्ही पडदे साठवा. काउंटरच्या सॉफ्टवेअरवरही दुसरी आणि तिसरी चाचणी करा, पीएसक्यूएल पास झालं म्हणजे ते झालं असं नाही. सर्व्हरवर लॉग_कनेक्शन्स चालू केलंत की प्रत्येक लॉगिनसोबत प्रोटोकॉल आणि सायफर नोंदला जातो.

लोंबकळणाऱ्या सेशनांसाठी: लिनक्सचं कीपअलाइव्ह (पलीकडचा जिवंत आहे का ते विचारायची वेळ) डिफॉल्ट ७२०० सेकंद आहे, म्हणजे तार तुटल्यावर दोन तास सर्व्हर वाट बघतो. टीसीपी_कीपअलाइव्ह्ज_आयडल ६०, इंटरव्हल १०, काउंट ६ केलंत की दोन मिनिटांत सुटतं. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ५ मिनिटं, म्हणजे अर्धवट व्यवहाराची कुलुपं अडकून राहत नाहीत. आयडल_सेशन_टाइमआउट शाखांच्या युजरांना लावा, बाउन्सरच्या युजरला नको. पूलमधल्या जोडण्या रिकाम्या बसणं हेच त्यांचं काम.

एक बारीक गोष्ट. चालू क्वेरी रद्द करायची विनंती वेगळ्या जोडणीवरून जाते, आणि लिबपीक्यू १७ आधी ती मूळ जोडणी टीएलएसवर असली तरी उघडी जायची. ती पकडून कोणी सेशन घेऊ शकत नाही, फार तर क्वेरी रद्द करेल. बोगदा असल्यावर तुमच्यासाठी हा मुद्दा मावळतो.

वाशिष्ठीकाठ

शेवटची अडचण. शाखांचं सॉफ्टवेअर बनवणारे म्हणतात एनपीजीएसक्यूएल बदलायला पुढच्या वर्षी बघू. आणि कनेक्शन स्ट्रिंग एक्झीच्या आत आहे, बाहेरून फक्त होस्ट आणि पोर्ट बदलता येतो.

तिरफळ

होस्ट आणि पोर्ट बदलता येतो ना, मग पुरे. प्रत्येक काउंटरच्या पीसीवर एसटनेल (उघडी जोडणी टीएलएसमध्ये गुंडाळून पुढे पाठवणारा प्रोग्राम) टाका, विंडोज सर्व्हिस म्हणून. क्लायंट=येस, ॲक्सेप्ट १२७.०.०.१:५४३३, कनेक्टला सर्व्हरचं नाव आणि ५४३२, प्रोटोकॉल=पीजीएसक्यूएल. ही शेवटची ओळ विसरलात तर एसटनेल थेट टीएलएस सुरू करतो आणि पोस्टग्रेस १५ ला ते कळत नाही; तो आधी ती आठ बाइटची विनंती मागतो. मग व्हेरिफायचेन=येस, सीएफाईल, आणि चेकहोस्टला सर्टिफिकेटवरचं नाव. सॉफ्टवेअरमध्ये होस्ट १२७.०.०.१ आणि पोर्ट ५४३३.

सॉफ्टवेअर एसटनेलशी उघडं बोलेल, पण ते बोलणं पीसीच्या बाहेर पडत नाही. सर्व्हरला पीजी_स्टॅट_एसएसएलमध्ये 'टी' दिसेल आणि होस्टनोएसएसएलची रिजेक्ट ओळ आड येणार नाही.

रापण

चेकहोस्ट गाळू नका. ती ओळ नसली तरी सगळं सुरळीत चालतं, कोणी तक्रारही करत नाही, आणि तपासणी 'व्हेरिफाय-सीए'वर येऊन थांबते. वर सांगितलेली चुकीच्या नावाची चाचणी एसटनेललाही लावा: चेकहोस्टमध्ये मुद्दाम भलतं नाव घालून सर्व्हिस पुन्हा सुरू करा. काउंटर तरीही जोडला गेला, तर कॉन्फिगची दुसरीच फाईल वाचली जातेय.